बाळापूर ते जिद्दा : तिकिटावरचे तास आणि खरे तास

बाळापुरात एखाद्या घरी हजचा किंवा उमराहचा बेत ठरला की भेटायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती तासांत पोहोचणार?" मग तिकीट बघितले जाते. समजा, त्यावर मुंबईहून रात्री ८ वाजता निघणे आणि १०.४५ ला जिद्दा, असे लिहिले आहे. म्हणजे पावणेतीन तास? नाही. निघण्याची वेळ भारताच्या घड्याळाची असते आणि पोहोचण्याची सौदीच्या. सौदीचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. म्हणून खरा प्रवास सव्वापाच तासांचा. घरच्यांनी फोनची वाट रात्री सव्वा वाजल्यानंतर बघावी, उगाच काळजी करू नये.

मुंबई ते जिद्दा हवाई अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर आहे, नागपूर ते जिद्दा सुमारे ४,१००. नागपूरचे विमान पाऊण तास जास्त घेते. पण अकोल्याहून रेल्वेने मुंबई सुमारे ५८० किलोमीटर आणि नागपूर सुमारे २५० किलोमीटर. म्हणून हज कमिटीच्या यादीत नागपूर मिळाले, तर घरातल्या बुजुर्गांचा रात्रभराचा रेल्वेप्रवास वाचतो. परत येताना विमान लवकर पोहोचते, कारण उंचावरचे वारे बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि विमानाला मागून रेटा देतात.

आपले बाळापूर आणि मक्का शरीफ जवळपास एकाच अक्षांशावर आहेत. नकाशा बघून वाटते, सरळ पश्चिमेला गेले की झाले. पण पृथ्वी गोल आहे. गोलावरची सर्वांत जवळची वाट किंचित उत्तरेकडे वळून जाते. म्हणूनच बाळापूरहून किब्ला अगदी पश्चिमेला नसून सुमारे आठ अंश उत्तरेकडे आहे. विमानाचा मार्गही याच हिशेबाने आखतात.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, मीकात. पूर्वी हाजी मुंबईहून जहाजाने जात. १९९५ नंतर तो प्रवास बंद झाला. जहाज यलमलमच्या समोर येण्याआधी एहराम बांधायला भरपूर वेळ असे. विमान मिनिटाला सुमारे १४ किलोमीटर कापते. गुसलखान्यासमोर रांग असेल, तेवढ्यात मीकात मागे पडते. थेट जिद्द्याला जाणाऱ्या पुरुषांनी एहरामच्या चादरी घरी किंवा विमानतळावरच नेसाव्यात. मीकातची सूचना होताच, किंवा झोप लागण्याची भीती असेल तर त्याआधीच, नियत करून तलबिया सुरू करावी. जे आधी मदिना शरीफला जाणार आहेत, त्यांना विमानात एहरामची गरज नाही. ते तिथून मक्केला निघताना जुल हुलैफा येथे बांधतात.

रमजानमध्ये दुपारी निघणाऱ्या रोजेदारांनी हेही लक्षात ठेवावे. सूर्याला बाळापूरहून जिद्द्यापर्यंत यायला अडीच तास लागतात आणि विमानही त्याच दिशेने धावते. त्यामुळे दिवस लांबतो. इफ्तार बाळापूरच्या वेळेवर नाही, विमानातून सूर्य मावळलेला दिसेल तेव्हाच. मधुमेह असलेल्यांनी औषधाच्या वेळा निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात.

आणि हातातले घड्याळ? एक सौदीच्या वेळेवर लावा, घरच्या भिंतीवरचे तसेच राहू द्या. अल्लाह सर्वांना ही हाजिरी नसीब करो. आमीन.