अवयवदानाची धाव घरापर्यंत पोहोचावी

ऑगस्ट महिना उजाडला की मोठ्या शहरांत अवयवदानाच्या प्रचारासाठी धावण्याच्या स्पर्धा, पदयात्रा आणि सायकलफेऱ्यांची लगबग सुरू होते. ३ ऑगस्ट हा भारतीय अवयवदान दिन आणि १३ ऑगस्ट हा जागतिक अवयवदान दिन. या दोन तारखांच्या आसपासच्या एखाद्या रविवारी भल्या पहाटे मैदानावर मांडव पडतो, एकसारखे टी-शर्ट घातलेली शेकडो माणसे जमतात आणि कुणी तीन, तर कुणी पाच किलोमीटर धावून येते. परतल्यावर गळ्यात पदक पडते, हातात केळे आणि पाण्याची बाटली येते. शेजारच्या टेबलावर अवयवदानाच्या संकल्पाचे अर्ज ठेवलेले असतात. काही जण तिथल्या तिथे तो भरतात आणि समाधानाने घरी जातात.

अशा वेळी एखाद्याच्या मनात शंका येते, की आपण पाच किलोमीटर धावल्याने कुणाला मूत्रपिंड मिळते का? शंका रास्त आहे. तिचे उत्तर देण्यासाठी ही धाव कुठून आली आणि ती नेमकी कुठे पोहोचायला हवी, हे दोन्ही पाहावे लागेल.

अवयवदान आणि मैदान यांचे नाते जुने आहे. मॉरिस स्लापाक या शल्यविशारदाच्या पुढाकाराने १९७८ मध्ये इंग्लंडमधील पोर्ट्समाउथ येथे प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांच्या पहिल्या जागतिक क्रीडास्पर्धा भरल्या. दुसऱ्याच्या मूत्रपिंडावर जगणारा माणूस म्हणजे जन्माचा आजारी, अशीच तेव्हा सर्वसाधारण समजूत होती. तोच माणूस धावपट्टीवर उतरून शर्यत पूर्ण करतो, हे दृश्य कोणत्याही व्याख्यानापेक्षा प्रभावी ठरले. आज या स्पर्धा दर दोन वर्षांनी भरतात. २०२३ मध्ये त्या ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे, तर २०२५ मध्ये जर्मनीतील ड्रेस्डेन येथे झाल्या. ब्रिटनच्या राष्ट्रीय प्रत्यारोपण क्रीडास्पर्धांना जोडून ‘डोनर रन’ नावाची धावही घेतली जाते. तिच्यात प्रत्यारोपण झालेले रुग्ण, दात्यांचे कुटुंबीय आणि सर्वसामान्य नागरिक एकत्र धावतात. प्रत्यारोपणामुळे माणूस खरोखर पुन्हा उभा राहतो, याचा पुरावा डोळ्यांसमोर ठेवणे हा या धावांचा मूळ हेतू आहे. आपल्याकडच्या धावा त्याच परंपरेतल्या.

या विषयात महाराष्ट्र मागे नव्हता. दक्षिण आफ्रिकेत डॉ. ख्रिस्तियन बर्नार्ड यांनी डिसेंबर १९६७ मध्ये जगातील पहिले मानवी हृदय प्रत्यारोपण केले. त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदय प्रत्यारोपणाचा प्रयत्न केला. रुग्ण काही तासच जगला. त्या काळी नवा अवयव शरीराने नाकारू नये यासाठीची प्रभावी औषधे नव्हती आणि मेंदूच्या मृत्यूला मृत्यू मानणारा कायदाही नव्हता. तो कायदा संसदेने १९९४ मध्ये संमत केला आणि ४ फेब्रुवारी १९९५ पासून तो लागू झाला. सुरुवातीला तो स्वीकारणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. दरम्यान, ३ ऑगस्ट १९९४ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. पी. वेणुगोपाल यांनी भारतातील पहिले यशस्वी हृदय प्रत्यारोपण केले. पूर्वी २७ नोव्हेंबरला पाळला जाणारा भारतीय अवयवदान दिन २०२३ पासून ३ ऑगस्टला पाळला जातो, तो या घटनेच्या स्मरणार्थ.

कायद्याला तीन दशके होऊन गेली, तरी चित्र समाधानकारक नाही. २०२३ मध्ये देशात १८ हजार ३७८ अवयव प्रत्यारोपणे झाली. दहा वर्षांपूर्वी हा आकडा पाच हजारांच्या आत होता, म्हणजे वाढ मोठी आहे. पण त्याच वर्षी मृत्यूनंतर अवयवदान केलेल्या दात्यांची संख्या होती केवळ १ हजार ९९. एकशे चाळीस कोटींच्या देशात हे प्रमाण दर दहा लाख लोकसंख्येमागे एक दातासुद्धा भरत नाही. स्पेनमध्ये ते २०२३ मध्ये दहा लाखांमागे सुमारे ४९ होते. मग आपल्याकडची उरलेली प्रत्यारोपणे होतात कशी? ती होतात जिवंत दात्यांच्या बळावर. या जिवंत दात्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. नवऱ्यासाठी बायको, मुलासाठी आई आपले मूत्रपिंड किंवा यकृताचा भाग देते. मृतांचे अवयव मातीत किंवा अग्नीत जातात आणि त्याची भरपाई घरातली बाई शस्त्रक्रियेच्या टेबलावर झोपून करते, असे हे कटू वास्तव आहे.

मेंदूचा मृत्यू म्हणजे काय?

हृदय, फुप्फुसे, यकृत, मूत्रपिंडे, स्वादुपिंड आणि आतडी हे अवयव मृत्यूनंतर मिळतात, ते प्रामुख्याने मेंदूस्तंभ मृत झालेल्या व्यक्तीकडून. अपघातात डोक्याला जबर मार लागला, किंवा मेंदूत मोठा रक्तस्राव झाला, की कधीकधी मेंदूचा देठ, म्हणजेच मेंदूस्तंभ, कायमचा निकामी होतो. श्वास घेण्याची आज्ञा इथूनच सुटते. तो बंद पडला की माणूस स्वतःहून श्वास घेऊ शकत नाही. मात्र कृत्रिम श्वसनयंत्र लावलेले असेल तर छाती वरखाली होत राहते, हृदय काही तास, क्वचित काही दिवस धडधडत राहते आणि अंग उबदार लागते. इथेच नातेवाइकांचा गोंधळ होतो. कोमात गेलेला रुग्ण जिवंत असतो आणि तो शुद्धीवर येण्याची शक्यता असते. मेंदूस्तंभ मृत झालेली व्यक्ती मात्र वैद्यकीय आणि कायदेशीर, दोन्ही दृष्टींनी मृत असते.

हा निर्णय एकटा डॉक्टर घेत नाही. चार डॉक्टरांच्या गटाला तो द्यावा लागतो आणि प्रत्यारोपण करणाऱ्या पथकातील कुणीही त्या गटात असता कामा नये, असे बंधन आहे. डोळ्यांच्या बाहुल्यांचा प्रकाशाला प्रतिसाद, घशाची प्रतिक्षिप्त क्रिया, श्वसनयंत्र थोडा वेळ बाजूला केल्यावर श्वास घेण्याचा प्रयत्न होतो का, अशा चाचण्या घेतल्या जातात. किमान सहा तासांच्या अंतराने त्या साऱ्या पुन्हा केल्या जातात. दोन्ही वेळा निष्कर्ष एकच आला तरच मेंदूस्तंभ मृत्यू जाहीर होतो. ‘अवयव मिळावेत म्हणून डॉक्टर उपचार लवकर थांबवतील’ ही भीती अनेकांच्या मनात असते. कायद्याची ही रचना त्या भीतीचाच विचार करून केलेली आहे. अवयवांच्या खरेदी-विक्रीला तर २०११ च्या दुरुस्तीनुसार दहा वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड अशी कडक शिक्षा आहे.

अर्ज आपला, होकार घरच्यांचा

धावेच्या मैदानावर भरलेला अर्ज हा एक संकल्प असतो. प्रत्यक्ष वेळ येते तेव्हा आपण बोलण्याच्या स्थितीत नसतो. अतिदक्षता विभागाच्या बाहेर बाकावर बसलेल्या पत्नीला, पतीला, मुलाला किंवा वडिलांना विचारले जाते. काही तासांपूर्वी चालता-बोलता असलेला माणूस गेला, हेच त्यांच्या पचनी पडलेले नसते. आतमध्ये त्याची छाती अजून हलताना दिसते. अशा वेळी समन्वयक हलक्या आवाजात अवयवदानाबद्दल विचारतो. त्या कुटुंबाने हा विषय घरात कधी काढलेलाच नसेल, तर उत्तर बहुधा नकाराचे असते. नकार देणारे लोक निर्दय नसतात. ‘त्याला हे आवडले असते का?’ या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यापाशी नसते, एवढेच.

कायदा बदलला म्हणजे हा प्रश्न सुटेल, असे अनेकांना वाटते. पण इतर देशांचा अनुभव वेगळे सांगतो. वेल्समध्ये २०१५ पासून आणि इंग्लंडमध्ये २०२० पासून, ज्याने नकार नोंदवलेला नाही त्याची संमतीच आहे असे गृहीत धरणारा कायदा आहे. तरीही तिथे कुटुंबीयांशी बोलल्याशिवाय पाऊल उचलले जात नाही. स्पेनमध्ये असा कायदा १९७९ मध्येच आला, मात्र त्यानंतरच्या दहा वर्षांत तेथील अवयवदान फारसे वाढले नाही. १९८९ मध्ये राष्ट्रीय प्रत्यारोपण संघटना स्थापन झाली, रुग्णालयारुग्णालयांत प्रशिक्षित समन्वयक नेमले गेले आणि मग आलेख चढू लागला. या यंत्रणेचे संस्थापक डॉ. राफाएल मातेसान्झ यांनी यशाचे श्रेय कायद्याला न देता सातत्याने या संघटित व्यवस्थेला दिले आहे. आपल्याकडेही दक्षिणेतील राज्यांनी यंत्रणा उभी केली, तिथे दाते वाढले. तामिळनाडूने तर २०२३ मध्ये अवयवदात्यांवर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार करण्याचा निर्णय घेतला.

होकारानंतर काय होते?

महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे विभागीय प्रत्यारोपण समन्वय समित्या आहेत. प्रतीक्षायादी त्यांच्याकडे असते आणि रक्तगट, प्रतीक्षेचा काळ, आजाराची तीव्रता या निकषांवर अवयवांचे वाटप होते. अवयव कुणाला मिळावा हे दात्याचे कुटुंब ठरवू शकत नाही. घड्याळाशी खरी शर्यत लागते ती इथे. शरीराबाहेर काढलेले हृदय साधारण चार तासांत दुसऱ्या छातीत बसवावे लागते. यकृताला अंदाजे बारा तासांपर्यंत, मूत्रपिंडाला त्याहून अधिक अवधी मिळतो. म्हणून पुण्याहून मुंबईला निघालेल्या रुग्णवाहिकेसाठी वाहतूक पोलीस रस्ता मोकळा करून देतात. त्यालाच ‘ग्रीन कॉरिडॉर’ म्हणतात. संमतीनंतर दात्याचे शरीर राखण्याचा आणि अवयव काढण्याचा खर्च त्याच्या कुटुंबावर टाकता येत नाही. शस्त्रक्रियेनंतर शरीर व्यवस्थित शिवून सन्मानाने परत दिले जाते आणि अंत्यविधी नेहमीप्रमाणे करता येतो.

घरी आलेल्या मृत्यूतही दान शक्य

मेंदूस्तंभ मृत्यू तसा दुर्मीळ. बहुतेक मृत्यू हृदय थांबल्याने येतात, आणि अनेकदा घरीच. तेव्हा हृदय वा यकृत देता येत नाही, पण डोळे आणि त्वचा यांसारख्या ऊती देता येतात. हे आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकाच्या आवाक्यातले दान आहे. नेत्रदान मृत्यूनंतर सहा तासांच्या आत व्हावे लागते. चष्मा असलेले, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेले, मधुमेही असे सारेच ते करू शकतात. नेत्रपेढीचे पथक घरी येते आणि वीस मिनिटांच्या आसपास काम संपते. ते येईपर्यंत मृताच्या पापण्या मिटवून त्यावर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा आणि डोक्याखाली उशी द्यावी.

त्वचादानही घरी होऊ शकते. मांड्या, पाय किंवा पाठ यांवरील त्वचेचा अगदी पातळ थर घेतला जातो. रक्तगट जुळवावा लागत नाही. गंभीर भाजलेल्या रुग्णाच्या जखमांवर ही त्वचा आवरणासारखी ठेवली की जंतुसंसर्ग रोखला जातो, वेदना कमी होतात आणि त्याची स्वतःची त्वचा येईपर्यंत वेळ मिळतो. नवी मुंबईत ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये त्वचापेढी आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील ऊतीपेढी तर १९८८ पासून कार्यरत आहे. देहदान ही याहून वेगळी गोष्ट. त्यात संपूर्ण मृतदेह वैद्यकीय महाविद्यालयाला अभ्यासासाठी दिला जातो. नेत्रदानानंतर देहदान सहसा स्वीकारले जाते, परंतु इतर अवयव काढल्यानंतर बहुधा नाही. हे आधीच समजून घेतलेले बरे.

दधीची ऋषींनी देवांच्या वज्रासाठी आपल्या अस्थी दिल्या, ही कथा आपल्या समाजाला लहानपणापासून ठाऊक आहे. तेव्हा दानाची कल्पना आपल्याला परकी नाही. अडते ते घरात मृत्यूविषयी बोलण्यापाशी. ‘असले अभद्र बोलू नये’ म्हणून हा विषय झटकला जातो आणि नेमक्या वेळी कुणाला काही सुचत नाही.

म्हणूनच सुरुवातीच्या शंकेचे उत्तर असे, की नुसत्या धावण्याने मूत्रपिंड मिळत नाही; पण धावून आलेल्या माणसाने दुपारी जेवताना घरच्यांपाशी हा विषय काढला, तर ते मिळण्याची शक्यता निश्चितच वाढते. संकल्प आता राष्ट्रीय संस्थेच्या संकेतस्थळावर आधार क्रमांकाच्या साहाय्याने नोंदवता येतो. नोंदणी जरूर करावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आपली इच्छा स्पष्ट शब्दांत सांगावी, आणि समोरच्याची इच्छाही विचारावी. उद्या रुग्णालयाच्या बाकावर कदाचित आपल्यालाच बसावे लागेल. त्या घडीला ‘तिने आम्हाला सांगून ठेवले होते’ एवढे एक वाक्य म्हणता आले, तर निर्णयाचे ओझे पुष्कळ हलके होते. टी-शर्ट धुऊन कपाटात जाईल, पदक खिळ्याला टांगले जाईल. घरात झालेले हे दहा मिनिटांचे बोलणे मात्र वेळ आल्यावर कुणाच्या तरी छातीत धडधडत राहू शकते.