स्टिअरिंग अडलं म्हणजे गाडी बिघडली असं नाही

आजचा विषय आहे गाडीच्या स्टिअरिंगचं कुलूप आणि त्याचा डॅशबोर्डवरचा दिवा. आता गावोगावच्या बचत गटांचा माल गाडीने बाजाराला जातो. कुठे गटाची स्वतःची गाडी आहे, कुठे भाड्याची, तर कुठे आपल्यातलीच एखादी ताई गाडी चालवते. पहाटे माल भरून तयार असतो, आणि नेमकी चावी फिरत नाही, स्टिअरिंग हलत नाही, समोर लाल दिवा दिसतो. मग कुणी म्हणतं लॉक तुटलं, कुणी म्हणतं इंजिन गेलं. जोर लावता लावता चावी वाकते आणि साध्या अडचणीचा खर्च होऊन बसतो. म्हणून ही माहिती गाडी चालवणारीला हवी, तशीच मागच्या सीटवर बसणारीलाही हवी.

आधी हे कुलूप असतं कशासाठी ते पाहू. गाडी चोराने ढकलून किंवा तारा जोडून नेऊ नये, म्हणून स्टिअरिंगच्या दांड्याला आतून एक कुलूप असतं. चावी काढून घेतली आणि स्टिअरिंग थोडं फिरलं की एक लोखंडी खिट्टी दांड्याच्या खाचेत जाऊन बसते. खट् असा आवाज येतो आणि स्टिअरिंग अडतं. म्हणजे उभ्या गाडीचं स्टिअरिंग अडणं हा बिघाड नाही, ती राखण आहे.

मग सकाळी चावी का फिरत नाही? आपल्या घराच्या दाराची कडी आठवा. दारावर ताण असला की कडी सरकत नाही. आपण एका हाताने दार जरा ओढून धरतो, तेव्हा ती सटकन निघते. इथेही तसंच आहे. गाडी उभी करताना चाक वळलेलं राहिलं किंवा दगडाला, बांधाला टेकलेलं राहिलं, तर त्याचा ताण त्या खिट्टीवर येतो आणि ती खाचेत घट्ट धरली जाते.

चावीच्या गाडीत हे करा. चावी पूर्ण आत घाला. डाव्या हाताने स्टिअरिंग हलकेच डावीकडे-उजवीकडे हलवून पाहा. एका बाजूला ते अजिबात सरकत नाही, दुसऱ्या बाजूला बोटभर सरकतं. ज्या बाजूला सरकतं त्या बाजूला ते दाबून धरा आणि त्याच वेळी उजव्या हाताने चावी सावकाश फिरवा. एकदा नाही जमलं तर पुन्हा करा. पकड लावू नका, चावीवर जोर देऊ नका. चावीच्या भोकात खोबरेल किंवा गोडं तेल सोडू नका. त्यावर धूळ बसते आणि लॉक आणखी घट्ट होतं.

बटणाच्या गाडीत खिट्टी ओढायला एक छोटी मोटर असते. खिट्टी निघाली याची खात्री पटल्याशिवाय अशी गाडी सुरूच होत नाही. अशा वेळी स्टिअरिंग आणि कुलूप असं चित्र किंवा तसा संदेश समोर दिसतो. काही गाड्यांत बटणावरचा दिवा लुकलुकतो. इथेही उपाय तोच. गिअरची गाडी असेल तर क्लच, ऑटोमॅटिक असेल तर ब्रेक पूर्ण दाबा. मग स्टिअरिंग हलकेच दोन्हीकडे हलवत बटण दाबा.

तरी नाही जमलं तर दोन गोष्टी तपासा. पहिली, रिमोटचा सेल. तो नाण्यासारखा चपटा असतो आणि संपत आला की गाडी आपली चावी ओळखत नाही. बऱ्याच गाड्यांत रिमोट बटणाला टेकवून धरला की गाडी त्याला ओळखते. नवा सेल आणताना जुन्यावरचा नंबर दुकानदाराला दाखवा. बऱ्याच रिमोटमध्ये सीआर २०३२ हा सेल असतो. दुसरी, गाडीची १२ व्होल्टची बॅटरी. हॉर्न बारीक वाजतो, हेडलाइट मंद आहे, सुरू करताना नुसती टकटक होते, तर बॅटरी उतरली आहे. तिच्यात जोर नसेल तर खिट्टीची मोटरही फिरत नाही. तेव्हा मेकॅनिकला म्हणा, “दादा, आधी बॅटरी बघा, पार्ट बदलायचं मग बोलू.” पार्ट बदललाच तर जुना पार्ट आणि बिल मागून घ्या.

समोर तीन दिवे सारखेच वाटतात, पण त्यांचा अर्थ वेगळा आहे. स्टिअरिंगसोबत कुलूप असेल, तर आपण आत्ता बोललो ते. स्टिअरिंगसोबत उद्गारचिन्ह असेल, तर ते पॉवर स्टिअरिंगचं. चावी लावल्यावर क्षणभर लागून तो दिवा विझतो, ते ठीक. पण गाडी चालताना लागून राहिला तर स्टिअरिंग जड होईल. ते अडणार नाही, पण वळवायला खूप ताकद लागेल. वेग कमी करा, गाडी बाजूला घ्या, बंद करून एकदा पुन्हा सुरू करा. दिवा तसाच राहिला तर गाडी गॅरेजला दाखवा. तिसरा दिवा म्हणजे गाडीच्या चित्रावर कुलूप किंवा चावी. तो चोरीपासून बचावाचा. गाडी बंद असताना तो लुकलुकला तर काळजी नको. गाडी सुरू होत नाही आणि तो लुकलुकतोच आहे, तर चावी ओळखली जात नाही असं समजा आणि घरातली दुसरी चावी लावून पाहा. चित्रं गाडीगणिक थोडी बदलतात. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकात ती सगळी दिलेली असतात.

रंगाचंही ध्यानात ठेवा. लाल म्हणजे थांबा. पिवळा म्हणजे लवकर दाखवून घ्या. हिरवा किंवा निळा म्हणजे अमुक गोष्ट चालू आहे एवढंच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. काही चालक घाटात उतारावर इंधन वाचवायला इंजिन बंद करतात. हे जिवावरचं आहे. इंजिन बंद झालं की पॉवर स्टिअरिंगची मदत जाते. ब्रेकची मदत एक-दोनदा दाबेपर्यंतच टिकते, मग पायाखालचं पेडल दगडासारखं होतं. त्यात चावी मागे फिरून बाहेर निघाली, तर चालत्या गाडीचं स्टिअरिंग अडू शकतं आणि पुढच्या वळणाला गाडी वळणारच नाही. तुम्ही मागे बसला असाल तरी स्पष्ट सांगा, “दादा, इंजिन चालू ठेवा. आमची लेकरं आहेत गाडीत.” यात संकोच कसला? चार पैशांच्या इंधनापेक्षा आपली माणसं मोठी.

गाडी चालताना कुलपाचा दिवा लागला, तर घाबरून जागच्या जागी इंजिन बंद करू नका. वेग कमी करत माणसांची वर्दळ असेल अशा ठिकाणी गाडी पूर्ण थांबवा, मगच बंद करा, कारण ती पुन्हा सुरू होईलच असं नाही. अडलेल्या स्टिअरिंगची गाडी दोरीने ओढू नका. चाकं वळत नाहीत आणि गाडी आडवी जाते. राष्ट्रीय महामार्गावर अडकलात तर १०३३, धोका वाटला तर ११२, आणि गाडीत पेशंट किंवा बाळंतपणाची बाई असेल तर दुरुस्तीची वाट न पाहता १०८ ला फोन करा.

आणि रोजची सवय एवढीच. सपाट जागी गाडी लावताना चाकं सरळ करा, दगडाला टेकवू नका, आधी हँडब्रेक ओढा आणि मग चावी काढा.

पुढच्या गटाच्या बैठकीला जमल्यास गाडी घेऊन या. ती सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, चावी काढा आणि खट् आवाज येईपर्यंत स्टिअरिंग फिरवा. मग प्रत्येकीने एकेकदा ते सोडवून पाहा. गाडीचं पुस्तक शाळेत जाणाऱ्या मुलीकडून मोठ्याने वाचून घ्या. ज्यांना गाडी येत नाही त्यांनीही हात लावून बघा. कुणास ठाऊक, रात्री-अपरात्री तुमच्याच हाताने कुलूप सुटेल.