बालकांविषयी आधी कोणता प्रश्न?

बालकांविषयीचे संशोधन म्हटले की त्यात काय येत नाही? वजन, आजार, शाळा, खेळ, घरची माया, बाहेरची धास्ती. प्रत्येक विषय अभ्यासण्याजोगाच आहे. परंतु पैसा, माणसे आणि वर्षे या तिन्ही गोष्टी मोजक्या असतात. महिन्याच्या मिळकतीतून आधी धान्य की आधी रंगसफेदी, हे घरात ठरवावेच लागते, तसेच येथेही. कोणी विचारपूर्वक ठरविले नाही, तरी क्रम लागतोच. मग सोपा, शहराजवळचा, देणगीदारास प्रिय असलेला विषय पुढे जातो आणि दूरचे मूल मागे राहते. म्हणून प्रश्नांचा क्रम लावणे हेच धोरणाचे पहिले पाऊल होय, असे आम्ही मानतो.

याचे उत्तम उदाहरण आपल्याच राज्यातील गडचिरोली जिल्ह्यात सापडते. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ ही संस्था १९८६ पासून तेथे काम करीत आहे. नवजात अर्भकाचे दुखणे हे रुग्णालयाचेच काम, अशी त्या काळी रूढ समजूत होती. त्या समजुतीतून एकच प्रश्न निघे : रुग्णालये कशी वाढवावीत? परंतु तेथील बहुतेक बाळे घरीच जन्मत, घरीच आजारी पडत आणि घरीच दगावत. तेव्हा या दांपत्याने निराळा प्रश्न पुढे घेतला : मूल जेथे जन्मते, त्या घरातच त्याला वाचविता येईल काय?

आधी गावोगावचे जन्म-मृत्यू नीट मोजले गेले. मग १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांत तेथल्याच स्त्रियांना शिकवून तयार केले. त्या घरी जाऊन बाळाचे वजन करीत, ऊब देण्याची व अंगावर पाजण्याची रीत आईला समजावीत, श्वास अडलेल्या बाळाला श्वास देत, जंतुसंसर्गाची लक्षणे दिसताच औषध देत. तुलनेसाठी अशी सेवा नसलेली ४७ गावे होती. त्यांच्या मानाने तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी उतरले. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २०११ मध्ये केंद्र सरकारने बाळाच्या पहिल्या ४२ दिवसांतील घरभेटींचे काम आशा कार्यकर्तींकडे सोपविले.

उत्तर हाती आल्यावरही मध्ये १२ वर्षे गेली, हे विसरता कामा नये. आणि येथेच पुढचा प्रश्न उभा राहतो. ३९ गावांत कसून देखरेखीखाली झालेले काम, दहा कामांचे ओझे वाहणाऱ्या आशाताईंच्या हातून तितकेच चोख कसे व्हावे? हा प्रश्न दिसावयास कारकुनी आहे. पण आमच्या मते त्याचा क्रम बराच वरचा आहे.

मग क्रम लावावयाचा कसा? २००७ च्या सुमारास बालआरोग्याच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी पाच कसोट्यांची एक रीत मांडली. प्रश्नाचे उत्तर मिळण्याजोगे आहे काय? निघणारा उपाय गुणकारी ठरेल काय? तो नेहमीच्या व्यवस्थेतून पोचविता येईल काय? त्याने आजार व मृत्यू किती घटतील? आणि लाभ सर्वांत वंचित बालकास मिळेल काय? तज्ज्ञांनी गुण द्यावेत, पण कोणत्या कसोटीला किती वजन, हे सांगण्यात सामान्य नागरिकांनाही वाव असावा, अशी त्यात सोय आहे.

या रीतीलाही मर्यादा आहे. मृत्यू मोजता येतो. घरातला मार, मनातली भीती, खेळावयास जागा नसणे हे सहज मोजले जात नाही. जे मोजले जात नाही ते यादीत खाली घसरते. अशा ठिकाणी मोजण्याची रीत शोधणे हेच पहिले संशोधन ठरते.

तेव्हा मुलांविषयीचा एखादा अहवाल आपल्यापुढे येईल, त्या वेळी आपण नागरिकांनी दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात. यात कोणाची मुले मोजली, आणि कोणाची राहिली? आणि हे उत्तर मिळाल्यावर उद्या सकाळी कोण, काय निराळे करणार आहे?