तक्त्याची रेघ येते कुठून?

नारायणगावच्या टोमॅटोचे किंवा मंचरच्या बटाट्याचे भाव वर्डमध्ये मांडायला घेतले, की नवा तक्ता उमटतो तो रेघा घेऊनच. पण प्रत्येक चौकटीत त्या रेघेची नोंद नसते. ती ‘टेबल ग्रिड’ या शैलीत एकदाच असते: जाडी ४, म्हणजे अष्टमांश पॉइंटच्या मापाने अर्धा पॉइंट. तक्ता ती शैलीकडून घेतो, चौकट तक्त्याकडून.

‘कमाल भाव’च्या चौकटीने स्वतःची जाड रेघ मागितली, तर तिथे तिचंच चालतं.

खरी गोम पुढे आहे. चौकट रेघेबद्दल गप्प असेल, तर तक्त्याची रेघ वारशाने मिळते. ‘रेघ नको’ असं लिहिलेलं असेल, तर मिळत नाही. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने दोन्ही गोष्टी एकच मानल्या, की जुन्नरला नीट दिसलेला तक्ता घोडेगावला दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बोडका उघडणार. असले दोष शोधणं महाकटकटीचं.

वेबपानांचा कायदा निराळा. त्यांचं रूप ठरवणाऱ्या सीएसएसमध्ये रेघ वारशाने उतरतच नाही आणि मुळात ‘रेघ नाही’ हेच गृहीत असतं. त्यामुळे तक्त्याला दिलेली रेघ फक्त बाहेरच्या कडेला दिसते. आतल्या चौकटींसाठी ती वेगळी सांगावी लागते.