माहिती चौकट : उंदराच्या टिचकीवर सूर

मुलांना स्वतःची चाल बांधता येईल अशी काही संगणकीय साधने:

यूपिक (१९७७) : संगीतकार यानिस झेनाकिस यांनी पॅरिसमध्ये उभारलेली यंत्रणा. फळ्यावर पेनाने रेघ काढायची. आडवी दिशा म्हणजे काळ, उभी म्हणजे स्वराची उंची. नोटेशन न शिकलेली मुलेही संगीत 'काढू' लागली.

सुरावटीचे ठोकळे : एमआयटीत जीन बॅम्बर्गर यांनी मुलांना सुटे स्वर न देता सुरावटीचे छोटे, अर्थपूर्ण तुकडे दिले. ते जुळवताना मुले रचनेचा विचार करू लागतात.

हायपरस्कोअर : टॉड मॅकोव्हर यांच्या एमआयटी मीडिया लॅबमधील गटाने केलेले सॉफ्टवेअर. रंगीत रेषांतून रचना होते. 'टॉय सिंफनी' प्रकल्पात मुलांच्या अशा रचना व्यावसायिक वाद्यवृंदांनी वाजवल्या.

सॉनिक पाय (२०१२) : केंब्रिजमध्ये सॅम एरन यांनी केलेले मोफत सॉफ्टवेअर. कोड लिहिला की सूर वाजतो. ६० हा आकडा म्हणजे पियानोचा मधला 'सी'.

साँग मेकर : गूगलच्या 'क्रोम म्युझिक लॅब'मधील खेळ. चौकटी रंगवल्या की चाल तयार; पैसे नाहीत, खाते उघडणे नाही.

घरी करून पाहा : साँग मेकरमध्ये 'पेंटॅटॉनिक' निवडा. सा रे ग प ध हे भूप रागाचेच पाच स्वर मिळतील. मात्र चौकटींत मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) बसत नाही. म्हणून बांधलेली चाल मुलांकडून गाऊनही घ्या.