जनुकांची खानेसुमारी

१९५६ साली स्वीडनमधील लुंड येथे काम करणाऱ्या त्यो व लेवान यांनी मानवी पेशीतील गुणसूत्रे ४८ नसून ४६ आहेत हे निर्णायकपणे दाखवून दिले आणि १९६० च्या डेन्व्हर परिषदेने त्यांना लांबीच्या उतरत्या क्रमाने अनुक्रमांक बहाल केले. परंतु लांबी अधिक तेथे जनुकेही अधिक, ही जी समजूत अशा क्रमवारीतून सहज बळावते, तिला छेद देणारा पुरावा त्याच सुमारास रुग्णालयांच्या दप्तरी जमा होऊ लागला होता. डाउन-विकाराच्या मुळाशी एकविसाव्या गुणसूत्राची तिसरी प्रत असते हे १९५९ साली फ्रान्समध्ये प्रसिद्ध झाले, पाठोपाठ तेराव्याची व अठराव्याची अधिक प्रत घेऊन जन्मलेली अर्भकेही आढळली. लिंगगुणसूत्रे वगळता अन्य कोणत्याही गुणसूत्राची संपूर्ण तिसरी प्रत असलेला गर्भ मात्र बहुधा जन्मापर्यंत पोहोचत नसे. या तिघांनाच ही सवलत का?

त्याचा उलगडा होण्यास चार दशके लागली. १९९९ च्या डिसेंबरात बावीसाव्या गुणसूत्राच्या डीएनएमधील अक्षरांचा अनुक्रम प्रथम हाती आला, तेव्हा त्यावर किमान ५४५ जनुके मोजली गेली. पुढच्याच वर्षी जवळजवळ तेवढ्याच लांबीच्या एकविसाव्यावर अवघी २२५ भरली. (एकविसावे हे बावीसाव्याहून आखूड असल्याचे पुढे ध्यानात आले, पण एकदा बहाल झालेले अनुक्रमांक कोण बदलतो!) खरी तफावत उघड झाली ती २००४ आणि २००५ साली: सुमारे ५ कोटी ६० लक्ष अक्षरांच्या एकोणिसाव्यावर १,४६१ प्रथिनसंकेतक जनुकांची दाट वस्ती, म्हणजे दर दहा लक्ष अक्षरांमागे २६; तर ७ कोटी ६० लक्ष अक्षरांचा ऐसपैस मुलूख बाळगणाऱ्या अठराव्यावर केवळ ३३७, म्हणजे दर दहा लक्षांमागे जेमतेम साडेचार. तेरावेही असेच विरळ निघाले. ज्यांची जादा प्रत गर्भास जन्मापर्यंत तरी सोसते ती तिन्ही गुणसूत्रे जनुकांच्या बाबतीत निर्धन असावीत, हा माझ्या मते योगायोग नव्हे. जादा जनुकांचा भार जितका कमी, तितका पेशीच्या कारभारातील बिघाड कमी, एवढेच त्याचे इंगित.

वस्तुतः एडिंबरो येथील संशोधकांनी १९९९ सालीच, अनुक्रम हाती येण्यापूर्वी, दाट वस्तीचे एकोणिसावे आणि विरळ वस्तीचे अठरावे या दोन शेजारी अनुक्रमांकांची पेशीकेंद्रातील जागा न्याहाळली होती, आणि एकोणिसावे मध्यभागी तर अठरावे कडेला वसते, असे त्यांना रक्तातील श्वेतपेशींमध्ये दिसले होते.