कुरळे केस, घर्षण आणि जट

ज्या घरात तीन-चार वर्षांचे, कुरळ्या केसांचे मूल आहे, त्या घरातील रविवारची सकाळ सहसा शांततेत जात नाही. न्हाणे झाले की आई कंगवा घेऊन बसते आणि पहिल्याच ओढीला ‘आई, दुखतंय गं!’ असा टाहो ऐकू येतो. आईलाही दया येते. ‘राहू दे, उद्या विंचरू’ असे म्हणून कंगवा फळीवर जातो. या ‘उद्या’तून पुढे काय घडू शकते, ते शेवटी पाहू. निदान आपल्या सोलापूरच्या परिसरात तरी ते हसण्यावारी नेण्याजोगे नाही. पण त्याआधी एक प्रयोग करू.

विद्यार्थी मित्रहो, डोक्याचा एक लांब केस घ्या. त्याच्या मुळाकडील टोकाला शाईचा ठिपका लावा. आता केस अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये, बोटांच्या लांबीच्या दिशेने धरा आणि बोटे एकमेकांवर पुढे-मागे घासा. बोटे दोन्ही दिशांना हलतात, पण केस मात्र एकाच दिशेने सरकू लागतो. केस उलटा धरून पुन्हा करा. तो आता विरुद्ध दिशेने सरकेल. दोन्ही वेळा ठिपक्याचे टोकच पुढे गेले, हे तुमच्या ध्यानात येईल.

असे का व्हावे? केसाची जाडी साधारणपणे ०.०५ ते ०.१ मिलिमीटर असते. डोळ्यांना तो गुळगुळीत तारेसारखा दिसतो. शक्तिशाली सूक्ष्मदर्शकातून मात्र त्याच्या पृष्ठभागावर खवले दिसतात. छपरावरील कौले जशी एकावर एक चढवलेली असतात, तशीच यांची रचना असते आणि त्यांच्या मोकळ्या कडा केसाच्या शेंड्याकडे असतात. त्यामुळे केस मुळाच्या दिशेने सहज सरकतो. उलट दिशेने जाऊ लागला, की खवले अडतात. रानातून येताना कपड्यात शिरलेले कुसळ आत आत जाते, पण मागे येत नाही, तोच हा प्रकार.

मेंढीची लोकरही असल्याच खवल्यांची असते. म्हणून घोंगडी गरम पाण्यात घालून फार चोळली, तर ती आटते आणि दाट होते. सुती सोलापुरी चादरीचे तसे होत नाही, कारण कापसाच्या तंतूला खवले नसतात. ओलावा, घर्षण आणि हालचाल मिळाली, की खवल्यांचे तंतू एकमेकांत शिरत जातात व परत फिरत नाहीत. लोकरीचा बुरणूस याच गुणधर्मावर तयार होतो. डोक्यावर केसांचाच असा बुरणूस झाला, की त्याला आपण ‘जट’ म्हणतो.

मग कुरळे केस अधिक गुंततात, असे म्हणावे काय? येथे एक गंमत आहे. झाँ-बाप्तिस्त मासों या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने २००७ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. केस कापणाऱ्या कारागिरांकडून त्याने गिऱ्हाइकांच्या केसांतील गुंते मोजून घेतले. सरळ केसांत ते कुरळ्या केसांच्या जवळजवळ दुप्पट निघाले! कुरळे केस एकमेकांना अधिक वेळा भेटतात, पण ज्या कोनात भेटतात त्या कोनात अडकण्याचा संभव कमी असतो, असे त्याने दाखवले. म्हणजे दोष कुरळेपणाचा नव्हे. विंचरताना दुखते म्हणून विंचरणे टळते, हे खरे कारण. मोठ्या माणसाचे रोज सुमारे ५० ते १०० केस गळतात. सरळ केसांतून ते खाली पडतात. कुरळ्या केसांत मात्र वळणांत अडकून राहतात. लहान मुलांचेही केस असेच अडकतात आणि गुंत्याला नवा धागा मिळत जातो.

आता गाठ इतकी घट्ट का बसते, ते पाहू. बैलाची दोरी खुंट्याला दोन-तीन वेढे देऊन धरली, तर लहान मुलगाही बैलाला आवरू शकतो. ऑयलर या गणितज्ञाने याचे सूत्र दिले आहे. दोरीच्या दोन टोकांवरील ताणांचे गुणोत्तर प्रत्येक वेढ्यागणिक बेरजेने नव्हे, तर गुणाकाराने वाढते. समजा, घर्षण गुणांक ०.३ आहे. एका वेढ्याला हे गुणोत्तर सुमारे ६.६ येते आणि तीन वेढ्यांना सुमारे २८५! आता थोडे तेल लावून हा गुणांक निम्मा, म्हणजे ०.१५ केला, तर तीन वेढ्यांचे गुणोत्तर केवळ १७ च्या आसपास येते. घर्षण निम्मे झाले, पण गाठीची पकड सतरापटीने ढिली झाली. केस हा दोरच आणि त्याचा शेजारी खुंटा. विंचरण्यापूर्वी तेल लावण्याची आजीची पद्धत गणितालाही मान्य आहे, ती अशी.

तेल कोणते? मुंबईच्या मॅरिको कंपनीतील रेले व मोहिले यांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफूल व खनिज तेलांची तुलना प्रसिद्ध केली. केसातील प्रथिनाची झीज फक्त खोबरेलाने कमी झाली, कारण त्याचे लहान रेणू केसाच्या आत शिरू शकतात. ही कंपनी स्वतः खोबरेल विकते, हेही वाचकाने लक्षात ठेवावे. घर्षण कमी करण्याचे काम मात्र कोणतेही तेल करते.

यावरून काही साधे नियम निघतात. कुरळे केस कोरडे असताना ओढू नयेत. किंचित ओलसर करून, तेल किंवा कंडिशनर लावून विंचरावेत. पाण्याने केस मऊ होतो, पण दुबळाही होतो, म्हणून हात हलका हवा. कंगवा रुंद दातांचा घ्यावा. केसांचे चार-सहा भाग करावेत आणि सुरुवात शेंड्यापासून करावी. वरून ओढल्यास सगळ्या गाठी खाली ढकलल्या जाऊन एकत्र आवळतात. बट गाठीच्या वर मुठीत धरावी, म्हणजे ओढ मुठीवर येते, मुलाच्या डोक्यावर नाही. न्हाल्यावर टॉवेलने खसाखसा पुसू नये. मऊ सुती कापडाने दाबून टिपावे. बोअरचे पाणी जड असेल तर साबणाची साय केसांवर बसते व ते खरखरीत होतात. अशा वेळी सौम्य शाम्पू बरा.

हे सर्व न केल्यास काय होते? काही आठवड्यांत जट होते. सोलापूर, सांगली, कोल्हापूर आणि सीमेपलीकडच्या भागांत जट म्हणजे सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीचे बोलावणे, अशी समजूत चालत आली. ती कापली तर कोप होईल या भीतीने कित्येक मुलींना जट वागवावी लागली आणि कित्येकींना देवदासी म्हणून सोडले गेले. एका न सुटलेल्या गुंत्याने मुलीचे आयुष्यच बांधले गेले. ही प्रथा कर्नाटकात १९८२ च्या व महाराष्ट्रात २००५ च्या कायद्याने गुन्हा ठरली आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ साली स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते घरच्यांची समजूत घालून जटा सोडवीत आले आहेत.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. पोलंडमध्येही जट कापली तर अनर्थ होतो, अशी भीती होती. एकोणिसाव्या शतकात क्राकोव्हचे वैद्यकाचे प्राध्यापक युझेफ डिट्ल यांनी तिच्याविरुद्ध मोहीम चालवली. पोलंडमध्ये यल्लम्मा नव्हती. जट मात्र होती. कारण केसांचे खवले तिथेही तसेच असतात.

त्वचेबाहेरचा केस निर्जीव असतो. त्यात रक्त नाही, मज्जातंतू नाही. जट कात्रीने कापताना तिला वेदना होत नाहीत आणि तिच्या जागी महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर या गतीने नवे केस येतात. जटेखाली जखम किंवा उवा असतील तर डॉक्टरांना दाखवावे, इतकेच.

तुमच्या गावात, वर्गात अशी मुलगी असेल तर तिला हसू नका. तुमच्या शिक्षकांना सांगा. आणि तिच्या घरच्यांसमोर शाईचा ठिपका लावलेला तो केसाचा प्रयोग करून दाखवा. केस कोणाचाही असो, ठिपका त्याच दिशेने पुढे जाईल.